खाडीवरील छत्तीस मिनिटे
(लुई ब्लेरिओ यांचे चरित्र)

शाळेच्या फाटकापाशी एखादी फटफटी उभी असली, तर तिच्या एंजिनाकडे क्षणभर निरखून पाहावे. सिलिंडरभोवती धातूच्या पातळ पातळ पाकळ्या एकावर एक रचलेल्या दिसतात. त्या शोभेसाठी नसतात. आत पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, ती या पाकळ्यांच्या द्वारे बाहेरच्या हवेत निघून जाते आणि एंजिन थंड राहते. पाण्याची टाकी नको, नळ्या नकोत. वाहती हवा तेवढी हवी. फटफटीच्याच घराण्यातून आलेल्या, तीन सिलिंडरांच्या आणि जेमतेम 25 अश्वशक्तीच्या अशा एका एंजिनाच्या बळावर 1909 साली एका फ्रेंच गृहस्थाने फ्रान्स व इंग्लंड यांच्यामधील समुद्राची खाडी ओलांडली. बलूनमध्ये बसून माणूस 1785 सालीच ती खाडी पार करून गेला होता. परंतु विमानातून ती ओलांडणारे हे पहिलेच. त्यांचे नाव लुई ब्लेरिओ.

ब्लेरिओ यांचा विजय बहुतेकांना ठाऊक असतो. त्या विजयापूर्वी त्यांची किती यंत्रे मोडली आणि प्रत्येक मोडलेल्या यंत्रापासून ते काय शिकले, ही हकीकत मात्र त्या मानाने कमी सांगितली जाते. आमच्या मते त्यांच्या चरित्राचे खरे मोल तेथेच आहे. म्हणून ते आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

लुई ब्लेरिओ यांचा जन्म 1 जुलै 1872 रोजी उत्तर फ्रान्समधील कांब्रे या गावी झाला. वडिलांचा कापडाचा कारखाना होता. पाच भावंडांत लुई सर्वांत थोरला. दहाव्या वर्षी त्याला गावातल्याच एका शाळेत वसतिगृहात ठेवण्यात आले. तेथे त्याने अनेक बक्षिसे मिळविली व त्यांत एक बक्षीस यंत्ररेखनाचे, म्हणजे यंत्रांची मापशीर चित्रे काढण्याचे होते. पुढे आमिएं येथील विद्यालयात शिक्षण पुरे करून त्याने पॅरिसच्या एकोल सांत्राल या नामांकित अभियांत्रिकी विद्यालयाची प्रवेशपरीक्षा दिली. उत्तीर्ण झालेल्या 243 उमेदवारांत त्याचा क्रमांक 74 वा लागला. तीन वर्षांच्या कठोर अभ्यासानंतर तो बाहेर पडला, तेव्हा 203 विद्यार्थ्यांत त्याचा क्रमांक 113 वा होता. हे आकडे आम्ही मुद्दाम दिले आहेत. पहिल्या दहांत ज्यांचे नाव कधी झळकले नाही, अशा आमच्या विद्यार्थी मित्रांनी ते ध्यानात ठेवावेत.

सक्तीची लष्करी नोकरी तोफखान्यात पुरी केल्यावर ब्लेरिओ यांनी पॅरिसमधील विजेच्या उपकरणांच्या एका कारखान्यात काम धरले. त्या काळी मोटारगाड्या नव्यानेच रस्त्यांवर धावू लागल्या होत्या. पण रात्री त्यांना नीट वाट दाखवील असा दिवा नव्हता. ॲसिटिलीन वायू जागच्या जागी तयार करून त्यावर जळणारा एक आटोपशीर दिवा ब्लेरिओ यांनी बनविला. 1897 साली त्यांनी पॅरिसमध्ये या दिव्यांचे दुकान थाटले आणि रनो, पानार यांसारखे मोटारींचे प्रसिद्ध कारखानदार त्यांचे गिऱ्हाईक झाले. पैसा चांगला मिळू लागला. 1901 साली आलिस व्हेदेर या तरुणीशी त्यांचा विवाह झाला. पुढील साऱ्या हालअपेष्टांत या बाईंनी पतीची साथ सोडली नाही.

दिव्यांच्या धंद्यात राहून ब्लेरिओ सुखाने आयुष्य घालवू शकले असते. परंतु 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी क्लेमां आदेर या संशोधकाचे वटवाघळाच्या पंखांचे उडते यंत्र पाहिले आणि विद्यार्थीदशेपासून मनात असलेल्या उड्डाणाच्या ध्यासाने उचल खाल्ली. पक्ष्याप्रमाणे पंख हलविणारी काही यंत्रे त्यांनी करून पाहिली. ती उडाली नाहीत. 1905 साली गाब्रिएल व्वाझँ या तरुण यंत्रकाराशी त्यांची ओळख झाली. व्वाझँ यांनी त्यांच्यासाठी केलेले बिनएंजिनाचे विमान त्याच वर्षी जुलैमध्ये सीन नदीवर मोटारबोटीला बांधून ओढण्यात आले. ते वर चढले, कलंडले आणि पाण्यात पडले. सांगाड्यात अडकलेले व्वाझँ बुडता बुडता वाचले. तरीही दोघांनी भागीदारीत विमानांची कार्यशाळा काढली.

दिवस उलटे असले म्हणजे दुःखही एकटे येत नाही. 12 नोव्हेंबर 1906 रोजी पॅरिसजवळच्या बागातेल मैदानावर ब्लेरिओ यांचे चौथे विमान जमिनीवर धावतानाच मोडले. त्याच दिवशी, त्याच मैदानावर, त्यांच्या डोळ्यांदेखत आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ हे 220 मीटर उडून गेले आणि शंभर मीटरांवरील पहिल्या उड्डाणाचे बक्षीस त्यांनी पटकाविले. लवकरच भागीदारी संपुष्टात आली आणि ब्लेरिओ एकटे उरले. यापुढे आपली विमाने त्यांनी स्वतःच चालविण्यास आरंभ केला.

1907 साली त्यांनी तीन वेगवेगळ्या धाटणीची विमाने केली. पाचवे एप्रिलमध्ये उडाले, पण नाकावर आपटून उलटे झाले. सहावे विमान 17 सप्टेंबर रोजी सुमारे 25 मीटर उंचीवर असताना त्याचे एंजिन एकाएकी बंद पडले व विमान नाक खाली करून कोसळू लागले. ब्लेरिओ आपल्या बैठकीतून बाहेर पडून शेपटीच्या दिशेने सरकले. त्यांच्या वजनाने शेपूट थोडी खाली झाली, आपटण्याचा वेग कमी झाला आणि ते चेहऱ्यावरील किरकोळ जखमांवर सुटले. सातवे विमान त्या वर्षाअखेर 500 मीटरांच्या पलीकडे गेले, आणि तेही मोडले.

येथे क्षणभर थांबून अडचण कोठे होती, हे आपण समजून घेऊ. हवेत तरंगणारा पंख कसा असावा, हे हळूहळू उमगत चालले होते. अडून बसले होते ते एंजिन. कारखान्यातील एंजिन कितीही जड असले तरी बिघडत नाही, कारण त्याला उडावयाचे नसते. विमानाच्या एंजिनाने मात्र प्रथम स्वतःचे वजन उचलले पाहिजे आणि मग चालकाचे. त्या काळच्या विमानांत पाण्याने थंड होणारी एंजिने पुष्कळ वापरात होती. ब्लेरिओ यांच्या पहिल्या काही विमानांत बसविलेले आंत्वानेत एंजिनही त्याच जातीचे. पाण्यामुळे उष्णता चांगली वाहून नेली जाते. पण पाणी, ते निवविणारे यंत्र व नळ्या यांचे ओझे विमानाला वाहावे लागते आणि एखादी नळी गळली तरी सारा खेळ आटोपतो.

हवेने थंड होणाऱ्या एंजिनात हे ओझे नसते. मात्र प्रत्येक सिलिंडरला भरपूर हवा मिळाली पाहिजे. सिलिंडर एकामागे एक ओळीने मांडले, तर पुढच्याला वारा लागतो आणि मागचे त्याच्या आडोशाला तापत राहतात. यावर उपाय म्हणून काही यंत्रकारांनी सिलिंडर मध्यावरून बाहेर पसरविले. बैलगाडीच्या चाकाच्या तुंब्यातून जसे आरे निघतात, तसे मधल्या एका दांड्याभोवती सिलिंडर मांडावयाचे. म्हणून अशा एंजिनास अरीय एंजिन म्हणतात. त्यातील सर्व दट्टे एकाच भुजेला ढकलतात. त्यामुळे मधला दांडा आखूड होतो, एंजिनाचे वजन घटते आणि प्रत्येक सिलिंडर वाऱ्याला सरळ सामोरा राहतो.

अशा एंजिनाच्या एका फेरात सिलिंडरांची संख्या विषम ठेवतात, यातही एक मौज आहे. या एंजिनातील प्रत्येक सिलिंडरमध्ये दांड्याच्या दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो. समजा, सात मुले गोलाकार बसली आहेत आणि आपण एकाआड एक मुलाला लाडू देत निघालो. दोन फेऱ्यांत प्रत्येकाला बरोबर एक लाडू मिळेल व दोन लाडवांमधील अंतरही सारखे राहील. मुले सहा असतील, तर दुसऱ्या फेरीत त्याच तिघांच्या हातांत पुन्हा लाडू पडतील आणि उरलेले तिघे उपाशी राहतील. एंजिनातील स्फोटांचे गणितही असेच आहे. स्फोट सारख्या अंतराने झाले, म्हणजे एंजिन कमी हादरते.

हे सारे कागदावर सोपे वाटले, तरी प्रत्यक्षात अवघड होते. गोलातील खालचे सिलिंडर उलटे लोंबत असल्याने त्यांत तेल साचे. म्हणून आरंभीच्या काही यंत्रकारांनी पूर्ण चाक न करता सिलिंडर वरच्या बाजूलाच उघडलेल्या पंख्यासारखे मांडले. रोबेर एस्नो-पेलतरी यांचे सात सिलिंडरांचे एंजिन असेच होते, आणि ब्लेरिओ यांनी आपल्या अकराव्या विमानासाठी प्रथम तेच निवडले.

तत्पूर्वी 1908 साली दोन महत्त्वाच्या घटना घडल्या. ऑगस्टमध्ये विल्बर राइट यांनी ल मान्स येथे आपले विमान उडवून दाखविले. प्रेक्षकांत ब्लेरिओ होते. पंखांची टोके पिळून विमान डावी-उजवीकडे कसे तोलावे, हे त्यांनी तेथे पाहिले आणि ती युक्ती आपल्या पुढील विमानात घेतली. दुसऱ्याचे चांगले ते घेण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांनी आपल्या आठव्या विमानातून तुरी ते आर्तने आणि परत असा सुमारे 28 किलोमीटरांचा प्रवास वाटेत उतरत पुरा केला. आता ते मैदानाभोवती घिरट्या घालणारे हौशी राहिले नव्हते.

परंतु पैसा संपत आला होता. त्यांच्या प्रयोगांवर एकूण 7,80,000 फ्रँक तरी खर्च झाले होते. त्यांच्याकडील कुशल यंत्रकारागीर फेर्दिनां कोलँ यांना महिन्याला 250 फ्रँक पगार मिळे. म्हणजे एवढ्या रकमेत अशा एका कारागिराचा 260 वर्षांचा पगार भागला असता! दिव्यांची मिळकत आणि पत्नीचे स्त्रीधन, सारे या यंत्रांत गेले होते.

अकरावे विमान रेमों सोल्निए या अभियंत्याच्या साहाय्याने तयार झाले. एक जोडी पंख, लाकडी सांगाडा आणि पुढे एंजिन अशी त्याची सुटसुटीत रचना होती. 23 जानेवारी 1909 रोजी ते प्रथम उडाले. विमान चांगले होते, पण एंजिन भरवशाचे नव्हते. तेव्हा कोलँ यांनीच मालकांना सुचविले की, अंझानी यांचे एंजिन लावून पाहावे. मालकांनी कारागिराचा सल्ला मानला. पुढे जे घडले, त्याचा उगम या एका गोष्टीत आहे असे आम्हांस वाटते.

अलेस्सान्द्रो अंझानी हे मूळचे इटलीतील मिलानचे. तरुणपणी ते फ्रान्समध्ये आले, मोटारसायकलींच्या शर्यतींत त्यांनी नाव मिळविले आणि मग स्वतः एंजिने बनवू लागले. शर्यतीच्या फटफटीसाठी केलेल्या एंजिनांतूनच त्यांचे हे तीन सिलिंडरांचे विमान-एंजिन जन्मास आले. ते दिसावयास ओबडधोबड होते. मधला सिलिंडर सरळ उभा आणि दोन बाजूंचे दोन तिरके. ते पूर्ण गोलात नसल्याने स्फोटांचे अंतर सारखे पडत नसे आणि सारे विमान थरथरत राही. जळलेला वायू लवकर बाहेर पडावा म्हणून सिलिंडरांच्या तळाशी भोके पाडलेली होती. त्यांतून गरम तेलाचे तुषार उडून चालकाच्या अंगावर येत. पण त्याची रचना साधी होती, आणि इतर एंजिने रुसून बसत तेथे हे चालत राही. त्याला शोव्हिएर यांनी अक्रोडाच्या लाकडातून घडविलेला उत्तम पंखा जोडण्यात आला.

आता ब्लेरिओ यांनी जे केले, ते विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावे. त्यांनी एंजिनाची परीक्षा पायरीपायरीने घेतली. 26 जून रोजी ते 36 मिनिटे 55 सेकंद हवेत राहिले. 4 जुलै रोजी सुमारे 50 मिनिटे उडाले. 13 जुलै रोजी त्यांनी एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंत 41 किलोमीटरांचे अंतर कापले. याच सुमारास दुए येथे आपले दुसरे एक विमान चालवीत असता, धूर सोडणाऱ्या नळीवरील उष्णतारोधक वेष्टण सुटले आणि त्यांचा पाय भाजू लागला. बूट जळून आरपार गेला. तरी एंजिन बंद पडेपर्यंत ते उतरले नाहीत. ती जखम भरून येण्यास दोन महिन्यांहून अधिक काळ लागणार होता.

इकडे लंडनच्या डेली मेल या वृत्तपत्राने विमानातून इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्यास 1,000 पौंडांचे बक्षीस लावले होते. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळातच उड्डाण व्हावे, अशी अट होती. सर्वांचे लक्ष ह्यूबर्ट लॅथम या देखण्या, धाडसी तरुणाकडे होते. त्यांच्या सुंदर आंत्वानेत विमानाचे एंजिन पाण्याच्या योगाने थंड होणारे होते. 19 जुलै रोजी ते कॅलेजवळून निघाले. काही मैल गेल्यावर एंजिन बंद पडले आणि विमान समुद्रावर उतरले. मदतीस आलेल्या फ्रेंच नाविकांना लॅथम तरंगत्या विमानावर शांतपणे सिगारेट ओढीत बसलेले आढळले. ते लगेच दुसऱ्या प्रयत्नाच्या तयारीस लागले. तिसरे स्पर्धक काउंट द लांबेर यांच्या विमानाला चाचणीतच अपघात झाला.

ब्लेरिओ कॅलेजवळ ले बाराक येथे येऊन थांबले होते. अंझानी स्वतः एंजिनापाशी हजर होते. दोन-तीन दिवस वारा सुटला होता. 25 जुलैच्या पहाटे अडीचच्या सुमारास ब्लेरिओ यांना उठविण्यात आले. वारा पडला होता. भाजलेल्या पायामुळे ते कुबड्यांच्या आधाराने विमानापर्यंत आले. पत्नी आलिस यांना एस्कोपेत नावाच्या युद्धनौकेवर पाठविण्यात आले होते; विमान समुद्रात पडल्यास ती नौका धावून जाणार होती. पती आकाशात आणि आपण खाली पाण्यावर, त्याला शोधून काढण्यासाठी नेमलेल्या नौकेत! त्या माउलीच्या मनाची स्थिती आम्ही काय वर्णावी? लॅथम यांच्या छावणीत अजून निजानीज होती.

एक छोटी चाचणी झाली. चार वाजून एक्केचाळीस मिनिटांनी, सूर्य उगवताच, ब्लेरिओ निघाले. होकायंत्र त्यांच्याजवळ नव्हते. एस्कोपेत ज्या दिशेने चालली होती, ती पाहून त्यांनी मार्ग धरला व लवकरच नौकेला मागे टाकले. वेग ताशी सुमारे 70 किलोमीटर, उंची सुमारे 75 मीटर. मग नौका दिसेनाशी झाली, फ्रान्सचा किनारा लोपला आणि इंग्लंडचा अजून दिसत नव्हता. दहा मिनिटे त्यांना धुके आणि पाणी यांवाचून काहीही दिसत नव्हते. त्या दहा मिनिटांत त्यांना सोबत होती ती तीन सिलिंडरांच्या अखंड फडफडाटाची. तो थांबता तर खाली थंडगार समुद्र होता.

अखेर समोर किनाऱ्याची करडी रेघ दिसली. वाऱ्याने त्यांना डोव्हरच्या पूर्वेस लोटले होते. जहाजांचा रोख पाहून त्यांनी दिशा सुधारली आणि ते वाऱ्याशी झुंजत किनाऱ्याच्या कडेने पश्चिमेस वळले. डोव्हरच्या किल्ल्याजवळील कुरणात एक फ्रेंच वार्ताहर आपल्या देशाचा तिरंगा हालवीत उभा होता. वावटळीत सापडलेले विमान तेथे जोराने आदळले. चाकांचा सांगाडा मोडला, पंख्याचे एक पाते तुटले. पण ब्लेरिओ सुखरूप होते. प्रवासास 36 मिनिटे 30 सेकंद लागली होती.

वाटेत एंजिन अतिशय तापले आणि नेमक्या वेळी आलेल्या पावसाच्या एका सरीने ते थंड केले, अशी एक कथा पुढे सर्वत्र सांगितली जाऊ लागली. कथा गोड आहे. दैवाचे साहाय्य लाभले, हे ऐकावयास सर्वांनाच आवडते. पण आम्हांस मात्र 26 जूनचा आकडा अधिक बोलका वाटतो. खाडीवरून जाण्यास 36 मिनिटे 30 सेकंद लागली, आणि हे विमान त्यापूर्वी महिनाभर आधीच 36 मिनिटे 55 सेकंद हवेत राहिले होते. आपले एंजिन किती वेळ टिकते, हे ब्लेरिओ यांनी जमिनीवर असताना मोजून ठेवले होते. म्हणून त्यांचे साहस हा जुगार नव्हता. दोनच दिवसांनी, 27 जुलै रोजी, लॅथम पुन्हा निघाले, आणि इंग्लंडचा किनारा हाकेच्या अंतरावर आला असता त्यांच्या एंजिनाने पुन्हा दगा दिला. धैर्यात लॅथम तसूभरही उणे नव्हते, हे आम्ही येथे आवर्जून नमूद करतो.

लंडन व पॅरिस या दोन्ही नगरींनी ब्लेरिओ यांचे अपूर्व स्वागत केले. सप्टेंबरअखेर शंभराहून अधिक विमानांची मागणी त्यांच्याकडे नोंदली गेली आणि दिवाळ्याच्या उंबरठ्यावर असलेला गृहस्थ यशस्वी कारखानदार झाला. पुढे डिसेंबरमध्ये इस्तंबूल येथे वाऱ्याच्या झोतात सापडून त्यांचे विमान एका घराच्या छपरावर आदळले. बरगड्या मोडल्या, तीन आठवडे रुग्णालयात काढावे लागले. त्यानंतर त्यांनी शर्यती व जाहीर उड्डाणे सोडली.

यशाच्या शिखरावर त्यांची खरी कसोटी अजून व्हावयाची होती. 1910 पासून त्यांच्या धाटणीच्या विमानांचे पंख हवेतच मोडून काही वैमानिक प्राणास मुकले. ब्लेरिओ यांनी कारणाचा शोध घेतला. पंखांना खालून ताणून धरणाऱ्या तारा बळकट होत्या, कारण उडताना पंख वर उचलले जातात. परंतु काही प्रसंगी पंखांवर वरून खाली एकाएकी दाब येतो. त्या वेळी वरच्या तारा कमी पडत. 1912 साली त्यांनी स्वतःच फ्रेंच सरकारला याविषयीचा अहवाल सादर केला. परिणामी सुधारणा होईपर्यंत सैन्यातील त्यांचीच विमाने जमिनीवर ठेवण्यात आली. आपल्या मालातील दोष आपल्याच हाताने लिहून देणारा कारखानदार विरळा. खाडी ओलांडण्याहून हे कृत्य आम्हांस अणुमात्र कमी वाटत नाही. समुद्रावर त्यांनी स्वतःचा जीव पणास लावला होता. येथे इतरांचा जीव वाचावा म्हणून त्यांनी आपले नाव पणास लावले.

पहिल्या महायुद्धात त्यांच्या आधिपत्याखालील स्पाड कारखान्याची लढाऊ विमाने प्रसिद्धीस आली. एंजिनांचीही प्रगती होत गेली. अंझानी यांनी पुढे सिलिंडर पूर्ण गोलात मांडले, आणि दोन फेर एकामागे एक जोडून सहा व दहा सिलिंडरांची एंजिने बनविली. 1927 साली चार्ल्स लिंडबर्ग न्यूयॉर्कहून निघून अटलांटिक महासागरावरून एकटे पॅरिसला पोहोचले, तेव्हा त्यांच्या विमानाचे राइट व्हर्लविंड हे एंजिनही हवेनेच थंड होणारे, नऊ आऱ्यांचे आणि सुमारे 220 अश्वशक्तीचे होते. ते साडेतेहतीस तास अखंड चालले. ल बूर्जे विमानतळावर लिंडबर्ग यांच्या स्वागतास वयोवृद्ध होत चाललेले ब्लेरिओ उपस्थित होते. छत्तीस मिनिटांपासून साडेतेहतीस तासांपर्यंतचा हा प्रवास अवघ्या अठरा वर्षांतील! आपल्याकडील वडीलधाऱ्यांना आठवत असलेले डकोटा विमानही याच वंशातले. त्याच्या प्रत्येक एंजिनात सात सात सिलिंडरांचे दोन फेर असत. 27 ऑक्टोबर 1947 रोजी आपले सैनिक श्रीनगरला उतरले, ते डकोटांतूनच.

या चरित्राचा एक धागा थेट आपल्या देशाशी जोडलेला आहे. फ्रान्सच्या किनाऱ्यावर आर्दलो येथे ब्लेरिओ कुटुंबाचे घर होते आणि त्यांच्या शेजारी उन्हाळ्यात एक पारशी कुटुंब येऊन राहत असे. त्या कुटुंबातील बालक वाळूवर उतरणारे ब्लेरिओ यांचे विमान डोळे विस्फारून पाही. तो बालक म्हणजे जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. 10 फेब्रुवारी 1929 रोजी भारतातील पहिला वैमानिक-परवाना त्यांना मिळाला, आणि 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर त्यांनी आपले छोटे विमान उतरविले. आपल्या देशातील हवाई वाहतुकीचा पाया असा घातला गेला.

1 ऑगस्ट 1936 रोजी पॅरिस येथे हृदयविकाराने ब्लेरिओ यांचे निधन झाले. त्यांना लष्करी सन्मानाने निरोप देण्यात आला. व्हर्साय येथे त्यांची समाधी आहे. खाडी ओलांडणारे ते विमान पॅरिसच्या एका संग्रहालयात अद्याप जपून ठेवलेले आहे आणि त्याच्या नाकाशी तीन सिलिंडरांचे ते एंजिन आहे.

विद्यार्थी मित्रांनो, अपयश कोणाला चुकले आहे? परीक्षेत, खेळात, प्रयोगशाळेत ते आपणांसही भेटते. दहा विमानांच्या अनुभवानंतर ब्लेरिओ अकराव्याकडे वळले, ते केवळ हट्टी होते म्हणून नव्हे. मोडलेल्या प्रत्येक यंत्राजवळ बसून ते का मोडले, हे त्यांनी शोधले. सल्ला कारागिराचा असो की प्रतिस्पर्ध्याचा, तो त्यांनी घेतला. आणि दोष स्वतःचा निघाला तेव्हा तो झाकला नाही. यापुढे फाटकापाशी फटफटी दिसली आणि तिच्या त्या पाकळ्यांकडे आपली दृष्टी गेली, म्हणजे पहाटेच्या धुक्यातून एकट्याने जाणाऱ्या त्या गृहस्थाची आपणांस आठवण व्हावी, एवढीच आमची इच्छा आहे.